झाकणावरची खुर्ची

ओव्हाळ नाना कुणाच्याही घरी गेले की स्वतःची खुर्ची सोबत नेत. लोखंडी, घडीची, ऑफिसच्या भंगारातून लिलावात घेतलेली. डाव्या काखेत खुर्ची आणि उजव्या हातात छत्री. आमच्या धाराशिवला पाऊस तेव्हा दूरच्या पाहुण्यासारखा यायचा, तोही चहा न घेता जायचा, पण नानांची छत्री बारा महिने हातात असे. ती उन्हाला उघडायची, कुत्र्याला दाखवायची आणि जमिनीवर टेकवत अंतर मोजायचं. "तीन छत्र्या आन् वर वीतभर," असं ते चराचं माप सांगत. पाटबंधारे खात्यात सुपरवायझर होते. उभी हयात लोकांकडून जमीन खोदून घेण्यात गेली, त्यामुळं निवृत्तीनंतरही कुठं खड्डा दिसला की त्यांचे पाय तिकडं वळत.

कुणी धापा टाकत आलं, "नाना, असं असं झालंय," की नाना आधी खुर्ची उघडत, तिच्यावर नीट टेकत आणि मग म्हणत, "बसा. बघू."

समोरच्यानं बसायचं कशावर, हा प्रश्नच असे, खुर्ची एकच. मग तो दगडावर, पायरीवर, नाहीतर भुईवर बसे आणि बसला की निम्मी घाई आपोआप उतरे. उरलेली निम्मी नाना उतरवत. माझी तर त्यांनी इतकी उतरवली, की पुढं मला घाई करायचाच कंटाळा आला.

मला ते 'लेखापाल' म्हणत. मी खरेदी-विक्री संघात साधा कारकून होतो. "नाना, मी लेखापाल नाही हो," म्हटलं की म्हणत, "व्हताल की." मी झालो नाही, पण त्यांनी म्हणायचं सोडलं नाही. आमच्या मागच्या पिढ्यांनी येरमाळ्याच्या माळावर मेंढरं राखली, वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, संघाचं गोदाम राखलं, आणि मी हिशोब राखला. यात मेंढरं तेवढी सुरक्षित राहिली.

खुर्चीचं मला फार उशिरा कळलं. सोसायटीत अण्णांनी घर बांधलं तेव्हा ओव्हाळांचं घर आमच्या शेजारी आलं. येणंजाणं होतं, बोलणं होतं. आमच्याकडं खुर्च्या दोन होत्या आणि दोन्ही आतल्या खोलीत होत्या. नाना ओट्याच्या पुढं येत नसत आणि अण्णा खुर्ची ओट्यावर आणत नसत. दोघंही उभ्यानंच बोलत, तासतासभर. एके दिवशी नाना आपलीच खुर्ची घेऊन आले, ओट्यासमोर मांडली, बसले आणि अण्णांना म्हणाले, "बसा. बघू." अण्णा आपल्याच पायरीवर बसले. त्यावर दोघांपैकी कुणीही कधी काही बोललं नाही.

सहकाराचे दिवस होते. खत सहकारी, बियाणं सहकारी, दूध सहकारी, घरं सहकारी. संडास तेवढा खाजगी राहिला होता. प्रत्येक घराला सेप्टिक टँक हवा, असा सोसायटीचा नियम होता आणि तो पाळणारे अण्णा पहिले. आमच्या टाकीचं, म्हणजे हौदाचं, उद्घाटन झालं. हसू नका, खरंच झालं. चेअरमन आले, फीत कापली, नारळ फोडला, आणि विकासाची गंगा दारी आल्याचं भाषण झालं. हौद आतून सिमेंटनं गुळगुळीत केलेला. येणारा जाणारा आत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यात तर माणूस राहील."

आणि मग बहात्तरचा दुष्काळ पडला. संडासात टाकायला पाणी कुठलं? प्यायला नव्हतं. उद्घाटन झालेला हौद तसाच कोरा राहिला. गल्लीत टँकर यायचा तेव्हा घागरीवर घागर आदळायची, निम्मं पाणी मातीत जायचं आणि उरलेल्यावर भांडणं. नाना एके सकाळी खुर्ची घेऊन आले.

"अण्णा, तुमच्या हौदात पाणी साठवू."

अण्णा उडालेच. "नाना, तो कशाचा हौद आहे माहीत आहे ना?"

"आजून कशाचाच न्हाय. पयलं काय भरायचं ते आपल्या हातात हाय."

टँकर हौदात रिकामा झाला. नानांनी झाकणाशी खुर्ची मांडली. एकच पोहरा, एकच दोरी. ज्याला पाणी पाहिजे त्यानं त्याच पोहऱ्यानं ओढायचं. पहिल्या दिवशी गल्लीतली निम्मी घरं आली नाहीत. "संडासाचं पाणी कोण पिईल?" असं त्या बायका म्हणत. नाव हौदाचं होतं, अडत होतं ते पोहऱ्यापाशी. नाना खुर्चीवर छत्री उघडून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी काही घरं आली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. अख्खा उन्हाळा गल्ली आमच्या सेप्टिक टँकमधलं पाणी प्याली आणि कुणाला काही झालं नाही. सगळ्यांचं झाल्यावर नाना शेवटी आपली घागर भरून घेत आणि कामावर जात.

पुढं पाऊसपाणी झालं आणि हौद ज्यासाठी बांधला होता त्याला लागला. नाना येऊन झाकणाकडं बघत म्हणाले, "आता ज्याचं त्याला लागलं." त्यानंतर त्या जागी ते बसले नाहीत. पुन्हा बसले ते माझ्या राशीला.

अण्णा गेले आणि ऐंशीच्या मध्यावर मी घर नव्यानं बांधायला काढलं. पुन्हा कोरडी वर्षं चालू होती. मागची भिंत पोटुशी झाली होती, कधी बाळंत होईल सांगता येत नव्हतं. आम्ही घर पाडलं आणि बायको, पोरं, भांडीकुंडी यांच्यासह संघाच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी राहायला गेलो. अंगाला युरियाचा वास यायचा. सुमन, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, "पावसाच्या आत होईल ना?" मी रोज "होईल" म्हणायचो. तिनं विचारायचं आणि मी खोटं बोलायचं, असा आमचा संसार सुरळीत चालला होता.

मारुती मिस्त्रीनं पाया आखला आणि विचारलं, "जुना हौद कुठाय? त्याच्यावर भिंत आली तर घर एक दिस उकिडवं बसंल."

हौद कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. अण्णांनी मधल्या काळात मागं पडवी वाढवली, फरश्या टाकल्या, शेळ्या बांधल्या, आणि मी तेव्हा कळंबच्या शाखेत होतो. मी अंदाजानं एके ठिकाणी खणायला लावलं. दगड लागला. दुसरीकडं लावलं. उंदीर लागले.

नाना खुर्ची घेऊन कधीचे बघत बसले होते. "काय शोधायलाव?"

"हौद, नाना."

"मंग इचारायचं न्हाय का? त्या हौदावर मी उन्हाळा काढलाय." ते उठले, छत्री टेकवत टेकवत चालले आणि एका जागी खुर्ची मांडून म्हणाले, "इथं. माझ्या बुडाखाली."

इतक्या खात्रीनं सांगितल्यावर कोण विचार करतो? तिथं खणलं तर नगरपालिकेचा नळ फुटला. पण नळाला पाणी कुठं होतं? त्यामुळं तो फुटलाय हे त्या दिवशी कुणाला कळलंच नाही. आठवड्यानं पाणी सुटलं तेव्हा आमच्या पायाच्या खड्ड्यात तळं झालं, आणि गल्लीतल्या बायका हंडे घेऊन आमच्या पायात उतरल्या. नाना म्हणाले, "बघा, पाणी लागलं की." लाज म्हणून नाही.

हौद शेवटी मीच शोधला. वैतागून मिस्त्रीला म्हणालो, "कुठंही असेल, पण इथं तर नक्कीच नाही," आणि खात्रीसाठी फरशीवर पाय आपटला. फरशी गेली आणि माझा पाय मांडीपर्यंत आत. एक पाय घरात, एक हौदात. आतून जो वास आला तो मी इथं लिहीत नाही.

"सापडला," नाना म्हणाले. मग खुर्ची सरकवत जवळ आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बसा. बघू."

मी बसलेलोच होतो.

हौद रिकामा करायला मिस्त्रीनं दोन माणसं आणली. वयस्कर भागोजी आणि त्याचा जावई. अंगाला लावायला तेल आणि प्यायला बाटली, एवढंच त्यांचं मागणं. मी लगेच हो म्हणालो. सगळ्या कामाचा गाडा त्या एका भोकापाशी अडला होता. भागोजी सदरा काढत होता, तेवढ्यात नाना आले. त्यांनी खुर्ची उघडली, दोन पाय भोकाच्या अलीकडं, दोन पलीकडं रोवले, आणि बसले. छत्रीही उघडली.

"नाना, उठा. माणसं थांबलीत."

"बसा म्हणावं. बघू."

भागोजी म्हणाला, "मालक, आमचं रोजचंच काम हाय ह्ये. कमरंला दोरी बांधतो की."

"दोरी कोण धरतंय?"

"जावई."

"आन् तू वर आला न्हाईस तर?"

"तर त्यो उतरंल."

"तर त्यो उतरंल," नानांनी तेच शब्द हळू म्हटले. "बहात्तरला जुन्या विहिरीतला गाळ काढायला एक माणूस उतरला. वर आला न्हाय. मंग त्याला आणायला दुसरा उतरला. मी काठावर हुतो. ह्याच खुर्चीवर."

जावयानं सासऱ्याकडं बघितलं.

"तुमच्या आजानं उतरून झालं," नाना भागोजीला म्हणाले, "माझ्या आजानं उतरून झालं. आता बास."

"आन् आजच्या रोजाचं काय मंग?" भागोजीनं रोकडा सवाल केला.

"लेखापाल, ह्यांचा रोज द्या."

"काम न करता?"

"वर बसल्यात की. त्येच काम."

त्या दिवसापासून नानांचा मुक्काम हौदावर. सकाळी यायचे, दिवस मावळेपर्यंत बसायचे. वास असा, की मिस्त्री तोंडाला फडकं बांधून लांबून बोलायचा. मी नाना तऱ्हा केल्या. निरोप पाठवला, की पोस्टमन मनीऑर्डर घेऊन घरी आलाय. "त्याला इकडंच पाठवा." निरोप पाठवला, की दारात बैल शिरलाय. "माझ्या दारात खायला काय न्हाय, जाईल आपसूक." शेवटी मी चिडून म्हणालो, "मग करायचं काय, ते तरी सांगा!"

"ते मला काय ठावं?" नाना थकल्या आवाजात म्हणाले. "माणूस उतरवायचा न्हाय, एवढंच मला ठावं."

हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. उपाय असलेला हट्टी माणूस परवडतो. नानांकडं उपाय नव्हता, नुसती खुर्ची होती.

मी सुमनकडं तक्रार घेऊन गेलो, तर ती नानांसाठी चहा भरून घेत होती.

"तू त्यांना चहा देतेस? त्यांच्यापायी आपण युरियात राहतोय!"

"नानांचं बरोबर का चूक, मला कळत नाही," ती म्हणाली. तीही थकली होती. पदरानं घाम पुसत बोलत होती. "पण त्या भोकात कुणी गेलं आणि आलं नाही, तर त्याच्यावर मी चूल मांडणार नाही. तुम्ही मांडा आणि तुम्हीच जेवा."

एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली. नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मिरवणुकीला गेले. खुर्ची मात्र भोकावर तशीच ठेवून गेले, राजानं गादीवर तलवार ठेवावी तशी. मला वाटलं, आता संधी आहे. विहिरीत उतरण्याआधी आत कंदील सोडतात, विझला नाही तर हवा चांगली, हे मला ऐकून माहीत होतं. पेटता कंदील बघूनच नाना ऐकतील, असा माझा हिशोब. माझे हिशोब कसे असतात ते वर सांगितलंच आहे.

मिस्त्रीला साक्षीला घेतलं. खुर्ची उचलून बाजूला ठेवली. कंदील पेटवला, दोरीला बांधला, सोडला आणि विझतो का ते बघायला मी स्वतः वाकलो.

कंदील विझला नाही. हौद पेटला. 'भक्' असा आवाज आला आणि निळी-पिवळी ज्वाळा वर येऊन माझ्या तोंडाला चाटून गेली. मी मागं कोसळलो तो नेमका नानांच्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर मी आयुष्यात तेवढाच एकदा बसलो.

संध्याकाळी कपाळावर निळा टिळा लावून नाना आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मिशी कुठं गेली, लेखापाल?"

मी हौदाकडं बोट दाखवलं. मिस्त्री म्हणाला, "नाना, हौद न्हाय ह्यो. तोफ हाय."

मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी वाकून भोकाकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं, मग विचारलं, "कोण उतरलं न्हाय ना?"

"नाही."

"बसा मंग," ते म्हणाले. स्वतः बसताना त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

तोड सुमननं काढली, तीही रागात. मी राडारोडा टाकायला गाडी कुठं मिळेल म्हणून तिच्यापुढं कुरकुरत होतो. ती म्हणाली, "जुनं घर त्या हौदात घाला आणि मिटवा एकदाचं!"

मी, मिस्त्री आणि नाना, तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. महिनाभर आम्ही त्या राडारोड्याला ठेचकाळत होतो.

विहिरी आटल्यामुळं शेतकऱ्यांची इंजिनं रिकामीच होती. एकजण इंजिन घेऊन आला. हौदाचं झाकण अख्खं काढून तो आधी उघडा सोडला. मग लांबूनच पाईप टाकून वरचं पाणी ओढलं आणि त्याच्याच पडीक रानात खड्डा घेऊन सोडलं. तो म्हणाला, "औंदा माझ्या रानाला एवढंच काय ते पाणी." खालचं तसंच ठेवून वर चुना, मग मुरूम, आणि मग पोटुश्या भिंतीचे दगड, माती, फुटकी फरशी. अण्णांचं घर त्या हौदात गेलं. काठावरून पाट्या ओतायला भागोजी आणि जावईच होते. नाना खुर्ची घेऊन थोडे मागं सरकले होते. कुणी काठाच्या फार जवळ गेलं, की छत्रीची मूठ त्याच्या सदऱ्यात अडकवून मागं ओढत.

त्या जागेवर भिंत घ्यायची नाही, हेही ठरलं. त्यामुळं आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत तिरकी आली. नवा पाहुणा आला की विचारतो, "ही भिंत अशी का?" मी म्हणतो, वास्तुशास्त्र. पावसाच्या आत पत्रे चढवायला आम्ही जीव काढला, आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही.

घरभरणीला मी नवीन खुर्ची आणली होती. ती आतून उचलून बाहेर आणली, बुजवलेल्या जागेवर मांडली आणि म्हणालो, "नाना, आज हिच्यावर बसा." नाना नेहमीसारखे काखेत खुर्ची घेऊन आले होते. त्यांनी माझ्या खुर्चीकडं बघितलं. "चांगली हाय की," म्हणाले, आपली छत्री तिच्यावर ठेवली, आणि शेजारी आपली खुर्ची उघडून तिच्यावर बसले. सुमन हसली. मीही हसलो. पुढं रोज संध्याकाळी ते तिथंच येऊन बसत. माझ्या खुर्चीवर छत्री, त्यांच्या खुर्चीवर ते, आणि पायरीवर मी. खाली अण्णांचं घर.

काही वर्षांनी त्यांना दिसेनासं झालं. त्यांची मुलगी उमरग्याला दवाखान्यात नर्स होती, तिनं बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी ते आले ते नुसती छत्री घेऊन. खुर्ची आदल्या संध्याकाळपासून आमच्याच अंगणात होती, घडी घालून तिरक्या भिंतीला टेकवलेली.

"नाना, खुर्ची राहिली."

"ऱ्हाऊ द्या. लेकीच्या घरी हायत्या खुर्च्या."

एसटी स्टँडवर ही गर्दी. मी म्हणालो, जागा मी धरतो. त्यांच्या हातातली छत्री घेतली, धावत जाऊन खिडकीतून सीटवर टाकली, आणि विजयी मुद्रेनं परत आलो. तेवढ्यात ती गाडी हलली. ती लातूरची होती. उमरग्याची शेजारी उभी होती. छत्री लातूरला गेली.

काखेत खुर्ची नाही, हातात छत्री नाही. दोन्ही हात मोकळे असलेले नाना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांची ट्रंक टपावर चढवायला एक हमाल गाडीमागची शिडी चढत होता, आणि नानांनी ते दोन्ही हात शिडीला लावले. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी मान वर करून त्याच्याकडं बघत राहिले. बाकीचे लोक धक्काबुक्की करत आत घुसत होते. गाडी भरत चालली.

"ओ बाबा, चढा की! जागा जाईल!" कंडक्टर ओरडला.

"थांबा," नाना म्हणाले. "माणूस वर हाय."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. नाना हलले नाहीत. हमालाचे दोन्ही पाय भुईला लागले, हे त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून बघितलं आणि मगच शिडी सोडली. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. वरच्या दांड्याला धरून उभे होते. तुळजापूरपर्यंत तरी उभेच गेले असतील.